जास्तीची ताकद कुठून येते? गाडी ‘रिमॅप’ करण्याआधी

चवथीला फोंड्याच्या घरी आमचं सगळं कुटुंब जमतं. यंदा आरती आटोपली तशी पोरं अंगणात एका गाडीभोवती गोळा झाली. थोड्या वेळाने भाचा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. “मामा, हे बघ.” पडद्यावर दोन रेघांचा आलेख होता. खालची रेघ कंपनीच्या गाडीची, वरची रेघ ‘स्टेज वन’, म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप, केल्यानंतरची. त्याच्या मित्राने आपल्या एक लिटर टर्बो पेट्रोल गाडीवर ते करून घेतलं होतं आणि टॉर्क १७८ न्यूटन-मीटरवरून २३० वर गेला होता. भाच्याची गाडी तीच, वर्षही तेच. “एकही पार्ट बदलायचा नाही, फक्त लॅपटॉप जोडायचा. यात धोका किती?”

नेवऱ्या खाता खाता मी काहीतरी अर्धवट बोललो. नंतर वाटलं, हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. आज पेठेतल्या प्रत्येक गॅरेजमध्ये ‘रिमॅप’ हा शब्द ऐकू येतो आणि तो करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपण नेमकं काय विकत घेतोय हे कुणी नीट सांगितलेलं असतं. म्हणून हे सविस्तर उत्तर.

लॅपटॉप जोडल्यावर आत काय बदलतं

आजच्या गाडीत इंजिन सांभाळणारा एक छोटा संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. हवा किती आली, इंजिन किती वेगाने फिरतंय, पाणी किती तापलंय, पायाने किती दाबलंय हे सगळं तो सतत पाहतो. मग त्याच्या पोटात लिहिलेल्या कोष्टकांत बघून पेट्रोल किती टाकायचं आणि ठिणगी कधी द्यायची ते ठरवतो. या कोष्टकांना मॅप म्हणतात. ती खोडून नवी लिहिणं म्हणजे रिमॅप.

पण कोष्टकातून ताकद येत नाही. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे ताकद वाढवायची तर आधी जास्त हवा आत कोंबावी लागते. टर्बो हेच काम करतो: सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात भरतो. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. रिमॅपवाला मुख्यतः बूस्ट वाढवतो आणि त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल टाकायला सांगतो. टर्बो नसलेल्या गाडीत हवा वाढवायची सोयच नसते, म्हणून तिथे रिमॅपने हाती लागतं ते चार-सहा टक्के. साध्या इंजिनाला कुणी ३० टक्के देऊ केले तर त्याला एवढंच विचारा, हवा कुठून आणणार?

राहिला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. एक मीटर लांब पाना घ्या आणि त्याच्या टोकाला १८ किलोचं वजन टांगा. तो झाला साधारण १७८ न्यूटन-मीटर. आता त्याच पान्याला साडेतेवीस किलो टांगा. पाना तोच, नट तोच. पिस्टनपासून चाकापर्यंतच्या प्रत्येक पार्टला रोज हा फरक जाणवतो.

खाजनाचा बांध

आपल्याकडच्या खाजन शेतीत नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध असतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर सोडायला मानस. हा बांध रोजच्या भरतीच्या उंचीचा बांधत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यात नदीला पूर, वर वारा, एवढं सगळं एका दिवशी आलं तरी पाणी वरून जाऊ नये असा बांधतात. रोजचं पाणी आणि बांधाचा माथा यांच्यात जी रिकामी जागा दिसते, ती वाया गेलेली नसते. ती त्या एका दिवसासाठी असते.

आता मासळी जास्त मिळावी म्हणून कुणी मानशीतून पाणी गरजेपेक्षा जास्त आत घेऊ लागला, तर पहिल्या दिवशी काय होतं? काहीच नाही. बांध उभा असतो, मासळी वाढते. महिनाभर असंच चालतं. आतून माती भिजत राहते, खेकड्यांची बिळं रुंदावतात, आणि मग एका उधाणाला बांध फुटतो. लोक म्हणतात उधाणाने फुटला.

इंजिनातल्या या रिकाम्या जागेला अभियंते सेफ्टी मार्जिन म्हणतात. मी तिला काठ म्हणेन. गाडीचं उधाण कोणतं? मे महिन्याची दुपार, अनमोड घाटाची चढण, गाडीत पाच माणसं आणि सामान, एसी चालू, टाकीत कुठल्याशा पंपावरचं जेमतेम पेट्रोल, ऑइल बदलायचं राहून गेलेलं. कंपनीला त्या दिवशीही गाडी चालवून दाखवावी लागते, तीही हजारो बेफिकीर मालकांच्या हातात. म्हणून ती काठ ठेवते. रिमॅपची जास्तीची ताकद या काठातून येते. रिमॅप करणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. काठातला काही भाग जाणूनबुजून खर्च करणं हा मालकाचा निर्णय असू शकतो. पण तो खर्च आहे हे माहीत तरी हवं.

पहिला घाव पिस्टनवर

सगळ्यात मोठा धोका नॉकिंगचा, ज्याला जुने मेकॅनिक ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की आग सुकलेल्या गवताच्या कुरणासारखी एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जायला हवी. पण दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर वाढली तर दूरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आग पोचण्याआधीच आपोआप भडकतं. दाबाच्या लाटा धातूवर आदळतात. बाहेर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तोही प्रत्येक वेळी ऐकू येतोच असं नाही.

पेट्रोलचा ऑक्टेन म्हणजे असं आपोआप भडकण्याला विरोध करण्याची क्षमता. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन बरीच वर्षं किमान ९१ होता, प्रीमियमचा ९५, आणि इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचंही बाजारात आणलं. बूस्ट वाढवला की नॉकिंग जवळ येतं. मॅप जास्त ऑक्टेनचं पेट्रोल धरून लिहिलेला असेल आणि रात्री अकराला मोलेच्या पुढे जे मिळेल ते भरावं लागलं, तर काठ त्याच क्षणी संपतो.

इथे ई-२० चा विषय निघतोच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून इंजिनाचं काय होईल या चिंतेने लोक हैराण आहेत. नॉकिंगपुरतं पाहिलं तर इथेनॉल मदतच करतं, त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. अडचण दुसरीकडे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून त्याच कामासाठी इंजेक्टरला जास्त इंधन फवारावं लागतं. रिमॅपने इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाजवळ चालत असेल, तर त्याच्याकडे आणखी देण्यासारखं काही उरत नाही. मग पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि सिलिंडर आणखी गरम.

ईसीयूकडे नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो. ठोका ऐकू आला की तो ठिणगी थोडी उशिरा देतो आणि इंजिन वाचवतो. ही सोय उत्तम आहे, पण ती शेवटचा आधार म्हणून दिलेली आहे. रोज त्याच आधारावर चालणारी गाडी म्हणजे रोज हँडब्रेकवर उतार उतरणारी गाडी.

छोट्या टर्बो इंजिनांत आणखी एक प्रकार आहे. टॉप गिअरमध्ये, कमी आरपीएमला (इंजिन मिनिटाला कमी फेऱ्या मारत असताना), जोरात पाय दाबला की ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि आगीचा दाब त्याला खाली ढकलतो. अशा एकाच तडाख्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. यावर उपाय म्हणून मे २०२० पासून ‘एपीआय एसपी’ दर्जाचं ऑइल आलं. बूस्ट वाढवलेल्या गाडीत ऑइलच्या डब्यावर ही अक्षरं न बघता ऑइल ओतणं मला तरी अक्षम्य वाटतं.

मग क्लच, गिअर, बेअरिंग

इंजिन वाचलं तरी जोर पुढे जातोच. क्लच प्लेट घर्षणावर चालते आणि तिची एक मर्यादा असते. रिमॅपनंतर सगळ्यात आधी बहुधा तीच हार मानते: चौथ्या-पाचव्या गिअरला पाय दाबला की आरपीएम चढतो, गाडी मात्र त्या मानाने पुढे जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये हिशेब आणखी कडक. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटर धरलेली आहे आणि त्यांचं दीड लिटरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिन कंपनीतून बाहेर पडतानाच २५० देतं. तिथे कागदावर काठ शून्य आहे. त्यात ५० वाढवायचे म्हणजे कुठे जायचे?

बेअरिंगचा नियम तर डोळे उघडणारा आहे. बॉल बेअरिंगवरचा भार वाढला की आयुष्य त्या वाढीच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार २५ टक्के वाढला तर १.२५ चा घन, म्हणजे जवळजवळ दोन. आयुष्य निम्म्यावर. आरपीएमची मर्यादा वाढवणाऱ्यांसाठी वर्गाचा नियम आहे. ती १० टक्क्यांनी वर नेली की पिस्टन वर-खाली झुगारताना त्याला धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कनेक्टिंग रॉडवर, येणारा ताण २१ टक्के वाढतो. म्हणून ‘थोडंसंच वाढवलंय’ या वाक्याला यंत्रशास्त्रात फारसा अर्थ नाही. वाढ थोडी असते, झीज थोडी नसते.

आपली हवा, आपले रस्ते

दमट हवेने इंजिन जास्त ठोकतं असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलटी आहे, वाफ नॉकिंगला थोडा आवर घालते. मात्र गोव्यातल्या पावसाळी दिवसांत हवेतली तीन-चार टक्के जागा वाफ घेते आणि तेवढा प्राणवायू कमी पडतो, म्हणून तीच गाडी जानेवारीच्या पहाटे जास्त चपळ वाटते. खरा त्रास ट्रॅफिकमध्ये होतो. टर्बोने दाबलेली हवा तापते, तिला गार करायला पुढे इंटरकूलर नावाचा रेडिएटरसारखा भाग असतो आणि त्याला वारा लागतो तो गाडी चालत असताना. पर्वरीच्या रांगेत अर्धा तास उभं राहून मोकळ्या रस्त्यावर एकदम पाय दाबलात, तर आत जाणारी हवा भलतीच गरम असते.

घाटाचं गणित वेगळं. समुद्रसपाटीवरून निघून चोर्ला किंवा अनमोडमार्गे बेळगावला पोचलात की तुम्ही सुमारे ७५० मीटर वर असता आणि हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी उतरलेला असतो. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. तो आधीच मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. मॅपमध्ये उंचीची सवलत ठेवली आहे का, हा प्रश्न गोव्यातल्या माणसाने विचारलाच पाहिजे. आणि चोर्लाच्या माथ्यावर फोटोसाठी थांबलात तर चावी लगेच फिरवू नका. एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू द्या. लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतो आणि पुढे ऑइलची वाटच बंद करतो.

पावसाळ्यात तर एक बदल सरळ जीवघेणा ठरतो: बंपरच्या मागे खाली नेलेला ‘कोल्ड एअर’ फिल्टर. पणजीचा १८ जून रस्ता एका जोरदार सरीत कसा भरतो ते सगळ्यांना माहीत आहे. कंपनीने हवेचं तोंड बोनेटखाली उंचावर ठेवलेलं असतं ते याचसाठी. फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि रॉड वाकतो.

“कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते”

यात थोडं तथ्य आहे. एकच इंजिन वेगवेगळ्या किमतीच्या गाड्यांत वेगवेगळ्या ताकदीचं विकलं जातं. पण पुष्कळदा आतला फरक आपल्याला दिसत नाही. फियाटचं १.३ लिटर डिझेल आठवा, जे मारुतीच्याही गाड्यांत होतं. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिनात साधा टर्बो होता, ९० पीएसच्या इंजिनात पाती वळवता येणारा. नाव एक, टर्बो वेगळा. ‘अमुक मॉडेलमध्ये हेच इंजिन १५० देतं’ असं कुणी सांगितलं, तर दोन्हींचे पिस्टन, इंजेक्टर, इंटरकूलर आणि क्लच यांचे पार्ट नंबर ताडून बघा. जुळले तर त्याच्या म्हणण्यात दम आहे.

“मित्राची गाडी चाळीस हजार किलोमीटर चालली”

चालली असेल. भाच्याच्या मित्राची गाडीही आज उत्तम चालते. पण बांध उभा आहे यावरून उधाण येऊन गेलं असं ठरत नाही. शिवाय ज्यांची चालली ते सांगतात. ज्यांचं इंजिन उघडावं लागलं ते गप्प बसतात आणि गाडी विकून टाकतात. धातूचा थकवा आवाज न करता साचतो. तीच गाडी ८० हजारांवर तिसऱ्या मालकाच्या हातात तुटते आणि दोष त्या मालकाच्या चालवण्याला जातो. ही गोष्ट मला मनापासून खटकते. जुनी टर्बो गाडी घेणाऱ्याला मॅप बदलला होता हे सांगायला हवं. तो मॅप गुपचूप पूर्ववत करून विकणं ही फसवणूक आहे.

“मी रोज कुठे पळवतो?”

हा मुद्दा मला पटतो, अर्ध्यापुरता. झीज ही भाराखाली घालवलेल्या वेळेवर अवलंबून असते आणि दहातले नऊ दिवस पणजी-म्हापसा शांतपणे जाणाऱ्याची झीज कमीच. पण छोट्या टर्बोचा जोर १,८०० आरपीएमपासूनच येतो. म्हणजे ट्रकला ओलांडताना, चढणीला लागताना, न पळवताही तुम्ही तो जोर मागत असता. आणि नॉकिंगला दिवसभर लागत नाही, मिनिटभर पुरतं.

सगळे बदल सारखे नाहीत

नामांकित ट्यूनरने गाडीचा डेटा बघून केलेला सौम्य रिमॅप एका टोकाला आणि वायरिंगच्या मध्ये टोचायची ‘ट्यूनिंग बॉक्स’ नावाची डबी दुसऱ्या टोकाला. ती डबी ईसीयूला दाबाचा खोटा आकडा सांगते. बीपी १७० असताना डॉक्टरला १२० सांगितलं तर तो औषध कसं देणार? माझ्या मते ती डबी कुणीच लावू नये.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलची काजळी गाळणारा डीपीएफ काढणं याहून वाईट. ते बेकायदेशीर आहे, मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत विष घालणारं आहे, आणि विश्वासार्हतेच्या दृष्टीनेही घातक. पार्ट काढला की इशाऱ्याचा दिवा लागतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ती तपासणीच बंद केली जाते. त्यानंतर खरा बिघाड झाला तरी गाडी बोलत नाही.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि कमी उंचीचे टायर यांनी इंजिनाला काही होत नाही, पण आपल्या गावातले गतिरोधक आणि जुलैचे खड्डे रिमला आणि शॉकॲब्जॉर्बरला माफ करत नाहीत. उलट चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल यांनी काठ वाढतो. ८० च्या वेगावरून थांबायला ब्रेकला जितकी ऊर्जा गिळावी लागते, त्याच्या दीडपटीहून जास्त १०० वरून लागते. ताकद वाढवायच्या आधी पैसे इथे घाला.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ईसीयूतला बदल बाहेरून दिसत नाही, पण बऱ्याच ईसीयूंत प्रोग्रॅम किती वेळा लिहिला याची नोंद राहते. वॉरंटीचा दावा तिथेच अडतो. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघाताच्या दाव्यातही हरकत येऊ शकते.

तर भाच्याला काय सांगितलं

आधी मोज, मग ठरव. गाडी तपासण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा एक छोटा स्कॅनर आणला की ईसीयूला काय दिसतंय ते मोबाईलवर नोंदवता येतं. दोनच आकडे पुरे: आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि नॉकिंगमुळे ठिणगी किती अंश मागे खेचली गेली. दोघा मित्रांना मी एकाच पंपावर पेट्रोल भरायला लावलं आणि ऑक्टोबरच्या एका कडक दुपारी, वेगमर्यादा सांभाळून, अनमोडच्या त्याच चढणीवरून तिसऱ्या गिअरमध्ये पाठोपाठ जायला सांगितलं.

संध्याकाळी दोन्ही फाईल्स आल्या. भाच्याच्या, कंपनीच्या मॅपवरच्या गाडीत हवा ५१ अंशांपर्यंत तापली होती आणि ठिणगी क्वचित एखादा अंश मागे गेली होती. मित्राच्या गाडीत हवा ६३ अंश, आणि तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी चढणभर पाच ते सात अंश मागे. चालवताना त्याला काहीही जाणवलं नव्हतं, ना आवाज, ना दिवा. त्याने ट्यूनरला ती फाईल पाठवली आणि बूस्ट उतरवून घेतला. आता टॉर्क २०५ च्या आसपास आहे. भाच्याने स्टेज वनसाठी साठवलेल्या पैशांतून चार टायर आणि पुढचे ब्रेक पॅड घेतले. रिमॅपचं त्याने अजून ठरवलेलं नाही. मे महिन्यात पुन्हा त्याच चढणीवर फाईल घेऊन बघणार आहे.